रंगाखालची ओल



संवत्सरीला आपण सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. पूर्वी पत्रं लिहायचो, मग फोन करायला लागलो, आता एकच मेसेज दोनशे जणांना पाठवतो. ज्याचं मन आपण खरोखर दुखावलेलं असतं, तो माणूस त्या दोनशेत बहुधा नसतोच. यंदा मला हे शब्द आमच्याच घराच्या मागच्या दाराशी जाऊन, आमच्या भाडेकरूला म्हणावे लागले. कारण होतं एक भिंत. दिवाळी झाली, भिंतीचं कामही संपलं, म्हणून आता सगळं लिहिते आहे.

आमचं घर कोऱ्हाळे बुद्रुकला. पुढे दुकान होतं, ते आता बंद आहे. मागे दोन खोल्या आणि मोरी आहे, त्या आम्ही भाड्यानं देतो. कधी शाळेतले गुरुजी, कधी साखर कारखान्यातलं कोणी, कधी बारामतीच्या एमआयडीसीत जाणारी मंडळी. भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट दहा हजार. करार म्हणजे स्टँप पेपरवरची दीड पानं. मी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजची बी.कॉम., त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे. भाडं किती आलं, लाइटबिल किती, सगळं लिहिलेलं असतं. भिंतीला ओल येते, हे मात्र वहीत कुठेच नव्हतं.

ओल दोन वर्षांपासून येत होती. गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवणारा पाइप उत्तरेच्या भिंतीला लागून आहे. तो सांध्यात तडकलेला आणि त्याच्या तोंडाशी कोब्याला भेग. आधीच्या भाडेकरूंनी एकदा सांगितलं होतं. "बघू पावसाळ्यानंतर" असं आम्ही म्हणालो, आणि पावसाळा गेल्यावर भिंत वाळली की विषयही वाळला. या एप्रिलमध्ये ते खोली सोडून गेले. रंगारी आला, भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "काकू, पोपडे आलेत, लोणा लागलाय. आधी वरचा पाइप आणि कोबा करून घ्या, मग प्लॅस्टर खरवडू. नुसता रंग टिकायचा नाही." सगळं मिळून बावीस हजार सांगितले. नुसतं घासून डिस्टेंपर मारायचे तीन हजार. आम्ही तीन हजारवालं काम केलं.

मे महिन्यात नवीन कुटुंब आलं. ती बँकेत, नवरा कंपनीत, दोन वर्षांचा मुलगा. खोली बघताना तिनं सरळ विचारलं होतं, "काकू, भिंतीला ओल नाही ना येत?" मी म्हणाले, "मागे थोडी आली होती, आता सगळा रंग दिलाय." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ते खोटंच होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आपल्या भागात पाऊस कमी, त्यामुळे ओलीचं कुणी फारसं मनावर घेत नाही. यंदा मात्र मे संपायच्या आतच पावसानं बारामती-इंदापूरला झोडपलं, बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला, लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमच्याकडे तसं काही झालं नाही, पण ती भिंत पाणी प्यायली. जूनमध्ये तिनं मला फोटो पाठवला. कॉटच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर काळे-हिरवे ठिपके, आणि रंग फुगलेला.

मी काय उत्तर दिलं असेल? "ओले कपडे घरात वाळत घालतेस ना? खिडकी उघडी ठेवत जा गं."

जुलैमध्ये तिनं विचारलं, "काकू, ब्लीचिंग पावडरनं पुसून घेऊ का?" तोवर चातुर्मास लागला होता. मी म्हणाले, "नको, ती फुलण असते, आमच्यात चातुर्मासात तिला हात लावत नाहीत. थोडं थांब." पोरगी संस्कारी. आमच्या धर्माचा मान ठेवून तिनं भिंतीला हात लावला नाही. महिनाभर त्या भिंतीशेजारी तिचं मूल झोपत होतं.

सख्यांनो, लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला या जागेची वाटते. दुरुस्तीचे पैसे वाचवायला मी अहिंसेचा आधार घेतला होता. आणि तेव्हा मला तसं वाटलंसुद्धा नाही. मला वाटलं, मी धर्म पाळते आहे.

ऑगस्टमध्ये मुलाचा खोकला हटेना. बारामतीच्या डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितलं, मग विचारलं, "घरात ओल आहे का?" खोकला त्या भिंतीमुळेच झाला असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. लहान मुलांना पावसाळ्यात खोकला होतोच. पण त्या खोलीत त्याला झोपवू नका, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं मला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात पर्युषण सुरू झालं. सामायिकाआधी इरियावहियं म्हणताना आपण येता-जाता दुखावलेल्या जिवांची यादी म्हणतो. त्यात एक शब्द येतो, 'पणग'. लहानपणापासून म्हणते आहे. पणग म्हणजे पाच रंगांची फुलण, आपल्या घरात जिला लीलन-फुलन म्हणतात ती. शास्त्रात ती अनंतकाय सांगितली आहे, एका शरीरात अनंत जीव. आजचं विज्ञान बुरशीला वनस्पतीत धरत नाही, तिचं वेगळंच राज्य मानतं. पण ओल मिळाली की ती उगवते आणि कोरडं ठेवलं तर उगवत नाही, यावर दोघांचंही एकमत आहे. त्या दिवशी तो शब्द तोंडातून गेला आणि ती भिंत डोळ्यासमोर आली.

दुपारी स्थानकात महासतीजींना विचारलं, "भाडेकरूच्या भिंतीला फुलण आली आहे, पुसावी की राहू द्यावी?" त्यांनी मलाच विचारलं, "पापडाच्या डब्याला फुलण आली तर काय करता?" मी म्हणाले, "येऊच देत नाही. डबा कोरडा करून भरते, ओला हात लावत नाही, मधून मधून उघडून बघते." त्या एवढंच म्हणाल्या, "मग भिंतीचं का नाही बघितलं?"

खरंच आहे. पिठाची मुदत आपण मोजतो, लोणच्याची बरणी उन्हात ठेवतो, धान्य निवडतो. याला आपण जयणा म्हणतो. पण जयणा डब्यापुरती आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर गळतंय याकडे डोळेझाक, असं कसं चालेल? अनंत जीव उत्पन्न व्हायला जागा मी करून दिली. आता ते पुसण्याची हिंसाही टळत नव्हती, कारण दुसऱ्या बाजूला एक लहान मूल होतं. दोन्हींचं मूळ एप्रिलमधल्या तीन हजारांच्या रंगात होतं. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांमध्ये 'तत्प्रतिरूपक व्यवहार' येतो, म्हणजे चांगला माल दाखवून हलका माल देणं. आपण तो दुकानदाराला लावतो, तुपातल्या भेसळीला लावतो. ओलीवर रंग मारून खोली भाड्यानं देणं त्याहून वेगळं आहे का?

आता थोडी दुसरी बाजू. मी ज्या कॉलेजात शिकले, त्या संस्थेचं नावच अनेकांत एज्युकेशन सोसायटी. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी बघावी, हे नावातच आहे. आमचा मुलगा पुण्यात भाड्यानं राहत होता. त्यानं फ्लॅट सोडला तेव्हा मालकानं बेडरूमच्या भिंतीला बुरशी आली म्हणून पंधरा हजार डिपॉझिटमधून कापले. बाहेरच्या भिंतीला तडा होता, पाणी तिथून येत होतं. तेव्हा मी फोनवर केवढी भांडले होते! "भिंत तुमची, पाऊस देवाचा, माझ्या मुलाचा काय संबंध?" आणि इथे कोऱ्हाळ्यात मीच मालकीण झाले तेव्हा म्हणाले, ओले कपडे वाळत घालू नकोस.

मग जबाबदारी नेमकी कोणाची? माझ्या समजुतीनं याचं उत्तर पाणी कुठून येतंय यावर अवलंबून आहे. छतातून, फुटलेल्या पाइपातून, शेजारच्या मोरीच्या भिंतीतून किंवा जमिनीतून वर चढणारी ओल असेल, तर ते घराचं दुखणं, म्हणजे मालकाचं काम. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, घरात वाळणारे कपडे, बंद खिडक्या, भिंतीला चिकटवलेलं कपाट यामुळे असेल, तर ते राहणाऱ्यानं सांभाळायचं. आणि खिडकीच नसेल, मोरीला झरोका नसेल, तर वाफेचा दोषही पुन्हा मालकाकडे येतो. पुष्कळदा दोन्ही कारणं एकत्र असतात.

ते ओळखायची एक सोपी रीत आहे. भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर हातरुमालाएवढा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. खोलीकडच्या बाजूनं थेंब धरले तर दमटपणा घरातला. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूनं पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. पर्युषण संपायच्या आत मी हे करून बघितलं. तिच्यासमोरच कागद काढला. मागची बाजू ओली होती, पुढची कोरडी. दोघीही काही बोललो नाही.

कायदा काय म्हणतो, तेही बघून घेतलं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याचं कलम १०८. वेगळा करार किंवा स्थानिक रीत नसेल तर, मालमत्तेतला जो मोठा दोष मालकाला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं कळणार नाही, तो मालकानं सांगितला पाहिजे, असं त्यात आहे. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. जी दुरुस्ती करणं मालकावर बंधनकारक आहे, ती त्यानं कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. उलट भाडेकरूनंही घर घेतलं तसं ठेवायचं, नेहमीच्या वापरानं होणारी झीज सोडून. त्याच्या हातून काही बिघडलं आणि मालकानं कळवलं, तर तीन महिन्यांत त्यानं ते नीट करून द्यायचं.

शहरांमध्ये १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. तो राज्यातल्या ठरावीक भागांना लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही. त्याच्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांचा वाजवी वेळ द्यायचा, तरी काम झालं नाही तर भाडेकरू ते करून भाड्यातून वळतं करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमच्या खोलीला हा हिशेब लावला तर वर्षाचं भाडं ४२,०००, म्हणजे जास्तीत जास्त १०,५००. आपली मुलं पुण्या-मुंबईत बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. म्हणून त्या करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायलाच हवं.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये एक आदर्श भाडेकरू कायदाही मंजूर केला. तो राज्यांनी स्वीकारायचा असतो. पण त्याच्या शेवटी कामांची वाटणी दिली आहे, ती आपल्याला करार लिहिताना उपयोगी पडेल. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, पाइप बदलणं, वायरिंग ही कामं मालकाची. नळ, नाली साफ करणं, बटणं, कडी-कुलूप, खिडकीच्या काचा ही भाडेकरूची.

हे सगळं आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोर्टात कोण चाललंय? एवढ्याशा ठिपक्यांचं काय घेऊन बसलीस?" तेव्हा मी त्यांना इंग्लंडची एक बातमी दाखवली. रॉचडेल नावाच्या गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगितलं गेलं, वरून रंग मारा. घर देणाऱ्या संस्थेनं या कुटुंबाच्या राहणीबद्दल, त्यांच्या आंघोळीच्या पद्धतीबद्दलही समज करून घेतले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की, घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानं श्वसनाचा आजार होऊन मूल गेलं. मग तिथे त्या मुलाच्या नावानं कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो तिथल्या सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला आहे. तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल, आणि मोठी ओल-बुरशी असेल तर दहा कामाच्या दिवसांत तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २००९ मध्येच सांगितलंय की ओल-बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा वाढण्याचा धोका जास्त असतो.

ह्यांनी बातमी दोनदा वाचली. "वरून रंग मारा" या ओळीशी थांबले. मग म्हणाले, "गवंड्याला फोन लाव."

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणाआधी मी मागच्या दाराशी गेले. म्हणाले, "मला एप्रिलमध्येच ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही. वर तुझ्या कपड्यांवर ढकललं. मिच्छामि दुक्कडं." ती गडबडली. "अहो काकू, तुम्ही मोठ्या, असं काय म्हणता!" मग थोडं थांबून म्हणाली, "खरं सांगू? आम्ही दुसरीकडे खोली बघायला लागलो होतो."

त्याच दिवशी त्यांना आमच्या पुढच्या खोलीत झोपायला जागा दिली. भाडं ऑगस्ट ते ऑक्टोबर निम्मं घेतलं, कारण दोनातली एक खोली वापरता येत नव्हती. यावर ह्यांचं आणि माझं वाजलं. ते म्हणत होते, भाडं सोडणं म्हणजे चूक कबूल करणं. मी म्हणाले, हो, तेच तर करायचंय.

आधी पाइप बदलला आणि कोब्याची भेग भरली, कारण पाणी थांबल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नव्हता. मग तोंडाला मास्क लावून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून भिंत साबणाच्या पाण्यानं पुसली. ती मी स्वतः पुसली, तिला पुसू दिली नाही. ब्लीचिंग पावडर वापरली नाही. वापरायचीच असेल, तर मोरी धुवायच्या ॲसिडबरोबर चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. त्या हिंसेचं प्रायश्चित्त म्हणून मी आयंबिल केलं. दसऱ्यानंतर फुगलेलं प्लॅस्टर काढलं, नवं केलं, तीन आठवडे वाळू दिलं आणि दिवाळीनंतर रंग दिला. तिच्या बाजूनं तिनंही दोन गोष्टी केल्या. कॉट आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, आणि कपडे आता गच्चीवरच्या पत्र्याखाली वाळतात. मोरीला झरोका नव्हता, तो आम्ही पाडून दिला.

वहीत खर्च लिहिला. पाइप-कोबा १४,५००, प्लॅस्टर ८,२००, रंग ३,६००, सोडलेलं भाडं ५,२५०. एकूण ३१,५५०. त्याच्या वरच्या ओळीत एप्रिलचे वाया गेलेले ३,०००ही लिहिले. बावीस हजारांत झालं असतं.

सख्यांनो, आपल्यापैकी कितीतरी जणींची गावाकडची जुनी घरं, दुकानामागच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, आणि आपलीच मुलं-सुना शहरात भाड्याच्या घरात राहतात. म्हणून दोन्हीकडून सांगते. घर देताना ओलीचा इतिहास तोंडानं सांगा आणि करारातही लिहा. तक्रार आली तर उत्तर देण्याआधी भिंत जाऊन बघा. घर घेत असाल तर पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, ओल दिसली की लगेच लेखी कळवा, मनात ठेवू नका. आणि कुणी तुम्हाला धर्माचं कारण देऊन थांबवलं, तर थांबू नका. मी थांबवलं होतं, ते चुकीचं होतं.

मुलाचा खोकला आता नाही. थंडीमुळे गेला की भिंतीमुळे, मला सांगता येणार नाही. भिंत आज कोरडी आहे. ती खरोखर कोरडी आहे का, ते पुढच्या आषाढात कळेल. पहिला पाऊस पडला की मी न बोलावता मागच्या खोलीत जाऊन कॉटमागे हात लावून बघणार आहे. वहीत तशी नोंद करून ठेवली आहे.

जय जिनेंद्र.